मायचा व्हिसा

छायाला आता विमानात बसवता येणार नाही, असं तिकडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तेव्हा माय ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. मी फोन ठेवला आणि तिला सांगितलं. हातातली मिरची खुडून तिने टोपलीत टाकली.

"तिले येता येत नही, ते मंग आपन जाऊत ना तठे," ती म्हणाली.

जणू छाया नवापूरला राहत होती आणि दुपारची गाडी पकडली की दिवे लागायच्या आत तिच्या दारात पोचता येणार होतं.

छाया माझी धाकटी बहीण. लग्न झाल्यावर जर्मनीला गेली. नितीनराव, तिचे यजमान, मूळचे शहाद्याकडचे. तिथल्या एका कारखान्यात इंजिनिअर. छाया लहान मुलांच्या पाळणाघरात काम करायची. स्वतःचं मूल झालं नाही, पण तिच्याशी फोनवर बोलताना मागे नेहमी कुठल्यातरी पोराचा आवाज असायचाच. हिवाळ्यात तिचं पोट दुखू लागलं. स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला आणि तो कळला तेव्हाच उशीर झालेला होता. तिचं एकच म्हणणं होतं, मला कोरीटला, आपल्या गावी न्या. तेच आता होणार नव्हतं.

मी धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर प्राथमिक शाळेत शिकवते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. माय कोरीटच्या घरी एकटी राहते. थोडी शेती, एक म्हैस. ती मुंबईला कधी गेली नव्हती, विमान तिने फक्त आभाळात पाहिलं होतं. जर्मनी कुठे आहे हे तिने मला कधी विचारलं नाही. तिथल्या शहराचं नावही तिच्या तोंडी बसलं नाही. शेवटपर्यंत ती त्याला "छायानं गाव" म्हणायची. मीही इथे तेच नाव वापरते.

नंदुरबार

परदेश प्रवासाची सुरुवात विमानतळावर होते असं मला वाटायचं. आमची सुरुवात फोटो स्टुडिओत झाली.

"आजी, डोक्यावरचा पदर काढा. कान दिसले पाहिजेत," फोटोवाला म्हणाला.

माय माझ्याकडे बघत राहिली. परक्या पुरुषासमोर ती उघड्या डोक्याने कधी बसली नव्हती. मी म्हटलं, माय, असाच फोटो लागतो. तिने पदर खांद्यावर घेतला, पांढऱ्या केसांवरून हात फिरवला आणि कॅमेऱ्याकडे असं पाहिलं की फोटोवाल्याने नजर खाली घातली. फोटो चांगला आला. तो तिने मला घरात कुणाला दाखवू दिला नाही.

मग पासपोर्ट. आधारवर तिचं नाव द्वारकाबाई, रेशनकार्डावर दारकाबाई आणि सातबाऱ्यावर नुसतंच द्वारका. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही. आधारवाल्यांनी एक जानेवारी टाकलेली. आमच्या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्म त्याच दिवशीचा आहे. प्रतिज्ञापत्रं झाली, हेलपाटे झाले. पोलीस चौकशीला घरी आला तेव्हा मायने त्याला ताक दिलं आणि उलट त्यालाच विचारलं, "मन्ही पोर आजारी शे हे लिखं का तुमीन कागदमा?" तो म्हणाला, "मावशी, तो रकाना नाही यात." ताक मात्र त्याने संपवलं.

माझं त्यामानाने सोपं होतं. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागणार होती, वरिष्ठांकडून परदेशी जायची परवानगी काढायची होती. ती मिळाली.

मुंबई

व्हिसाची जी यादी आम्हाला मिळाली ती मी शाळेतल्या पाढ्यांसारखी पाठ केली. तिकडे कुणी बोलावलंय त्याचं पत्र. आमच्या खर्चाची जबाबदारी घेतल्याचं, नितीनरावांनी तिकडच्या कचेरीत जाऊन सही केलेलं हमीपत्र. आजारपणाचा विमा. बँकेचे कागद. जायचं आणि परतीचं तिकीट. आणि या सगळ्यातून एक गोष्ट सिद्ध झाली पाहिजे, की हा माणूस परत येणार आहे.

व्हिसा केंद्रात सगळे हळू आवाजात बोलत होते. कॉलेजात जाणारी पोरं, नवी नवरी, सुटाबुटातले लोक. त्यांत माझी माय, नऊवारी नेसून, पिशवी मांडीवर घट्ट धरून. बोटांचे ठसे घ्यायची वेळ आली आणि यंत्राला तिची बोटं दिसेनात. काचेखालचा हिरवा उजेड लागायचा आणि विझायचा. जन्मभर मिरच्या खुडून, निंदून, शेण सारवून तिच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्या होत्या. तिथल्या मुलीने ओल्या कागदाने तिची बोटं पुसली, स्वतःच्या हाताने एकेक बोट दाबलं, पुन्हा पुसलं. मागे रांग वाढत होती, पण ती मुलगी चिडली नाही.

"आज्जी, हात गरम करा जरा, चोळा," ती म्हणाली.

मायने हात चोळले आणि मला हळूच विचारलं, "बोटं नही उमटनीत ते जाऊ देतस नही का?"

शेवटी उमटली. पण माझा व्हिसा आला आणि तिचा आला नाही. कागदावर कारण होतं, की अर्जदार मुदतीत परत जाईल याची खात्री वाटत नाही. मी ते तिला अहिराणीत सांगितलं. त्यांना असं का वाटलं, हेच तिला कळेना.

"मी तठेच ऱ्हाई जासू, आशे काब्रं वाटनं त्यासले? मन्ही म्हैस शे अठे."

त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्यासमोर एकट्या विधवा बाईचे चार कागद होते. म्हैस त्यांना कशी दिसणार? मी पहिल्या वेळी फार थोडं जोडलं होतं. आता सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं. छायाच्या डॉक्टरांनी पत्र दिलं. त्यात अवघड शब्द एकही नव्हता. रुग्णाच्या आईने शक्य तितक्या लवकर यावं, एवढंच. मायच्या आग्रहाखातर म्हशीजवळ उभं राहून काढलेला तिचा एक फोटोही घातला. तो कुणी पाहिला की नाही, देव जाणे.

दुसऱ्यांदा व्हिसा आला. एका महिन्यापुरता, माझ्या व्हिसाच्याच तारखेला संपणारा. पासपोर्टमध्ये चिकटवलेल्या त्या रंगीत कागदावर मायने बोट फिरवलं.

"काय लिखेल शे?"

"कधी जायचं आणि कधी परत यायचं ते."

"परत येवानी तारीख आतेच काब्रं लिखी त्यासनी?" तिने विचारलं. मी पिशव्या भरायला लागले.

फ्रँकफर्ट

विमानाचं काय सांगायचं? माय सगळा वेळ जागी होती आणि तिने पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

उतरल्यावर पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्याने आमचे कागद मागितले. परतीचं तिकीट, विमा, छायाचं बोलावण्याचं पत्र, नितीनरावांचं हमीपत्र. कशासाठी आलात, त्याने विचारलं. माझी बहीण आजारी आहे, मी म्हटलं. ही तिची आई. तो मायकडे पाहून इंग्रजीत म्हणाला, किती दिवस राहणार? मायला प्रश्न कळला नाही, पण तो आपल्याशी बोलतोय एवढं कळलं. तिने हात जोडले आणि म्हणाली, "छाया." एवढा एकच शब्द. त्याने शिक्का मारला.

पुढे सामान तपासणाऱ्यांनी आम्हाला बाजूला घेतलं. ज्वारीचे बिबडे, उडदाचे पापड, मिरचीची पूड, ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, सगळं त्यांनी उघडून पाहिलं आणि परत ठेवलं. तुपाचा डबा मात्र बाहेर राहिला. दुधाचे पदार्थ बाहेरून आणता येत नाहीत, असा तिथला नियम. मला तो माहीत नव्हता. माहीत करून घ्यायला हवा होता, वाचणाऱ्यांपैकी कुणी जाणार असाल तर लक्षात ठेवा. ते तूप मायने छायासाठी घरच्या लोण्याचं कढवलं होतं.

"त्याले सांग, फेकू नको म्हना. घर ली जाय, पोरंसले दे."

मी सांगितलं. तो तरुण होता, लाजल्यासारखा हसला आणि मान हलवून नाही म्हणाला. घरीही नेता येत नाही. मोठ्या पिंपात त्याने डबा अलगद ठेवला, टाकला नाही. एवढं मी पाहिलं.

छायानं गाव

आगगाडी नेकार नदीच्या काठाने जाते. दोन्ही बाजूंना उतारावर द्राक्षाचे मळे, वरून खाली सरळ ओळींत. मधेच पिवळ्याधमक फुलांची शेतं. माय खिडकीला लागून बसली होती. "मानसं कठे शेत?" तिने विचारलं. खरंच, एवढ्या शेतांत एकही माणूस दिसत नव्हतं. आमच्याकडे मे महिन्यातल्या करपलेल्या रानातसुद्धा कुणीतरी बांधावर बसलेलं असतं.

नितीनराव स्टेशनवर आले होते. मायच्या पाया पडले आणि उठताना त्यांना उठता येईना. तिने त्यांना खांद्याला धरून उभं केलं.

छायाचा पलंग खिडकीपाशी लावला होता. दवाखान्यातून तिला घरी आणलं होतं, रोज एक नर्स येऊन औषध देऊन जायची. मी व्हिडिओवर तिला पाहत होतेच, तरी दारात थबकले. फोनच्या चौकटीत मावली होती तेवढीच ती उरली होती. माय थबकली नाही. तिने आधी हातपाय धुतले, पदराला पुसले आणि मग जाऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवला. औषधांनी गळून पुन्हा आलेले केस होते, तान्ह्या बाळासारखे.

"माय, तू उनी?"

"उनी बेटा."

"तुले येऊ दिधं त्यासनी?"

"न देवाले काय व्हयनं? मन्हाकडे कागद शे."

छाया हसली. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

त्या घरातले दिवस सगळे सारखे नव्हते. काही दिवस ती पूर्ण झोपलेली असायची. काही दिवस उशाला टेकून बसायची आणि गावातल्या एकेकाचं नाव घेऊन विचारायची. तिला खायला काहीच जात नव्हतं, पण वास हवा असायचा. एकदा तिने कळण्याची भाकर आणि ठेचा मागितला. विजेच्या शेगडीवर भाकर फुगेना. मायने हट्टाने तव्यावर लसूण-मिरची परतली आणि छताला लावलेलं धुराचं यंत्र असं काही ओरडायला लागलं की मला वाटलं पोलीस येतील. मी खुर्चीवर चढून टॉवेल हलवत होते, नितीनराव खिडक्या उघडत होते, सगळे खोकत होतो. आणि आतून छायाचा आवाज येत होता, हसण्याचा. तिने भाकरीचा कण जिभेवर ठेवला, तेवढाच.

त्या आवाजाने शेजारच्या म्हाताऱ्या बाई धावत आल्या. फ्राउ केलर त्यांचं नाव, मायच्याच वयाच्या. तिथे शेजारी असं विचारल्याशिवाय येत नाहीत. कोरीटला कुणी आजारी असेल तर घरात पाय ठेवायला जागा नसते, इथे लोक पत्रपेटीत चिठ्ठी टाकून जात. माय म्हणायची, "काय लोक शेत, पोर एवढी आजारी अन कोनी डोकी ऱ्हायनं नही." पण त्या दिवसानंतर फ्राउ केलर रोज दुपारी यायच्या. बटाट्याची कोशिंबीर, कधी पांढऱ्या देठांची एक भाजी, जी तिथे फक्त वसंतात मिळते, ती घेऊन. माय आणि त्या बाई बाल्कनीत बसून ती सोलायच्या. एक जर्मनमध्ये बोलायची, एक अहिराणीत. मी पाड्यावर पोरांना शिकवते तेव्हा ती त्यांच्या पावरी बोलीत बोलतात, मी मराठीत, आणि वर्ष संपता संपता आम्ही कुठेतरी मधे भेटतो. पण या दोघींना वर्ष लागलं नाही. एकदा मी चहा घेऊन गेले तेव्हा फ्राउ केलरचा हात मायच्या हातात होता.

मायला तिथल्या स्मशानाचं फार नवल वाटलं. घरांच्या मधोमध, बागेसारखं. लोक झारी घेऊन येतात आणि थडग्यांवरच्या फुलांना पाणी घालतात. दहनही होतं, पण अस्थींचा कलश तिथेच पुरावा लागतो, घरी ठेवता येत नाही. नितीनराव हे तिला सांगताना अडखळले. तिने विचारलं, आपल्या नदीत नेता येतो का? कागद केले तर येतो, ते म्हणाले. ती "बरं" म्हणाली आणि चालत राहिली. छाया तेव्हा जिवंत होती. पण आम्ही तिघंही त्याबद्दल बोललो आणि कुणाला ते अभद्र वाटलं नाही.

एक दिवस फार चांगला गेला. छायाला बरं वाटत होतं. आम्ही तिला चाकाच्या खुर्चीत बसवून नदीवर नेलं. नेकारवर पाण्याचे मोठे दरवाजे आहेत. लांबलचक मालवाहू जहाज दोन दरवाज्यांच्या मधे येऊन थांबतं, पाणी भरतं आणि ते जहाज हळूहळू वर येतं, वरच्या पातळीच्या नदीत जायला. माय डोळे विस्फारून बघत होती. जहाजावर वाळत घातलेले कपडे होते आणि एक कुत्रा. छायाने तिला विचारलं, "माय, तापीसारखी शे का?"

"तापीसारखी नही. पन बरी शे," माय म्हणाली.

आम्ही बाकावर बसून स्ट्रॉबेरी खाल्ल्या. छायाने एक तोंडात धरून ठेवली. ऊन होतं, वारा नव्हता. परतताना ती म्हणाली, "ताई, आज काहीच दुखत नाहीये." तिच्याबरोबरचा माझा बाहेरचा तो शेवटचा दिवस.

त्यानंतर ती झपाट्याने उतरत गेली. आणि पासपोर्टवरची तारीख जवळ आली.

आम्ही तो विषय काढत नव्हतो. छायानेच काढला. ती मायला म्हणाली, "माय, तू आते घर जाय. ताईसंगे जाय. मन्हं शेवटलं तू देखू नको. तुले जनमभर तेच दिसी."

माय तिच्या पायांना तेल लावत होती. तिने हात थांबवला नाही.

"तू उनी तवय मीच व्हती ना? मंग तू जाशी तवय बी मीच ऱ्हासू."

छायाने तोंड खिडकीकडे फिरवलं. थोड्या वेळाने तिचा हात चादरीखालून बाहेर आला आणि मायचा पदर शोधू लागला. मायने पदराचं टोक तिच्या मुठीत दिलं.

नितीनराव आम्हाला परदेशी लोकांच्या कचेरीत घेऊन गेले. तिथली अधिकारी बाई मध्यम वयाची, चष्म्यावरून पाहणारी. तिने डॉक्टरांचं नवं पत्र वाचलं. व्हिसाची मुदत सहसा वाढत नाही, पण असं कारण असेल तर वाढवता येते, असं तिने सांगितलं. मग तिने मायकडे पेनाने दाखवलं आणि नंतर माझ्याकडे. एकीसाठी कारण पुरेसं आहे, ती म्हणाली, आई. दोघींसाठी मी देऊ शकत नाही. हे सांगताना तिचा आवाज मऊ होता, आणि मी वादही घातला नाही. मी आजारी माणसाची आई नव्हते.

निघायच्या आधी मी छायाजवळ बसले. तिचे डोळे मिटलेले होते. ती म्हणाली, "ताई, मले कोरीटले ली जाय ना." मला वाटलं ती भ्रमात आहे. पण ती डोळे मिटूनच म्हणाली, "रस्ता सांग फक्त."

मी सांगायला लागले. नंदुरबारचं स्टँड, तिथली उसाच्या रसाची गाडी. एस.टी.ची खिडकी, मिरच्या वाळत घातलेल्या लाल पथाऱ्या, त्या वासाने येणारी शिंक. दोन्ही बाजूंचा कापूस. मग आपला फाटा, मारुतीचं देऊळ, हातपंप. ती मधेच म्हणाली, "हातपंपवर गर्दी शे का?" मी म्हटलं, नही, आज कोनीच नही. मग आपली गल्ली, ओटा. तिने विचारलं, "घरमा गई का मी?" मी म्हटलं, गई. आडी पडेल शे आते, खाटवर. तिचा श्वास संथ झाला होता. मी बॅग उचलली.

धडगाव

मी परत आले आणि शाळा सुरू झाली. घाटात जीपमध्ये आम्ही नेहमीसारखे दाटीवाटीने बसलो होतो. त्या रस्त्यावर फोनला सगळीकडे रेंज नाही, एका वळणावर ती येते आणि पुढच्या वळणावर जाते. त्या वळणावर फोन वाजला.

"मंगल," माय म्हणाली, "छाया गई. सकायमा. मान मन्हा हातवर व्हती. तरास नही व्हयना तिले."

मी काहीतरी म्हणाले असेन. मग रेंज गेली. माझ्या शेजारी एक पावरी बाई मांडीवर पोर घेऊन बसली होती. तिने पोर दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि मला टेकायला खांदा दिला. धडगाव येईपर्यंत मी तशीच होते.

मुंबई, पुन्हा

नितीनरावांना येता आलं नाही. त्यांच्या तिथल्या वास्तव्याचं कार्ड नूतनीकरणाला गेलेलं होतं. ते हाती येण्याआधी देश सोडला तर परत शिरणं अवघड झालं असतं. मायची वाढवलेली मुदत संपत होती. म्हणून माय एकटी आली, मुलीच्या अस्थी घेऊन.

सगळे कागद नितीनरावांनी एका पारदर्शक फोल्डरमध्ये घातले होते. मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला, आपल्या दूतावासाचं पत्र. फ्राउ केलर विमानतळापर्यंत आल्या होत्या. विमानात हवाई सुंदरीने अस्थींची पिशवी वर ठेवायला मागितली तेव्हा मायने ती छातीशी धरली. शेजारची जागा रिकामी होती. त्या मुलीने कागद पाहिले, पिशवी त्या जागेवर ठेवली आणि तिला पट्टा बांधला. हे मायने मला नंतर सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. "पट्टा बांधा तिनी. पडाले नको म्हनीसन."

मी बाहेर कठड्यापाशी उभी होते. चाकाची खुर्ची ढकलणारा माणूस तिला घेऊन आला आणि आतली हकीगत त्यानेच सांगितली. कस्टमच्या साहेबांनी विचारलं, आजी, काय आहे यात? आजी म्हणाल्या, "मन्ही अंडेर शे." साहेबांना शब्द कळला नाही, अंडेर म्हणजे लेक. त्यांनी फोल्डर उघडला. वाचता वाचता ते उभे राहिले आणि पिशवी यंत्रात न घालताच जाऊ दिलं.

माय खुर्चीतून उतरली. तिने पिशवी माझ्या हातात दिली आणि मगच रडली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

प्रकाशा

तापीच्या संगमावर आम्ही अस्थी सोडल्या. नितीनराव फोनवर होते. मी फोन पाण्याकडे धरला होता. त्यांच्याकडे अजून ऊन वर यायचं होतं. त्यांच्या मागे छायाची खिडकी दिसत होती आणि पलंग काढून नेल्यावर उरलेली रिकामी जागा. गुरुजींचे मंत्र संपले तरी ते फोन बंद करत नव्हते. शेवटी माय म्हणाली, "जेवा आते, नितीनराव," तेव्हा त्यांनी केला.

नंतर ती आपल्या कामाला लागली. म्हशीचं करायची, मिरच्या खुडायची. तिने एकदा मला विचारलं, नितीनरावांचं कार्ड आलं का. आजून नही, मी म्हटलं. काही दिवसांनी पुन्हा विचारलं. मग एका रविवारी मी घरी गेले तेव्हा तिने पासपोर्ट काढून माझ्यापुढे ठेवला.

"हाऊ कितला वरीस चालस?"

"दहा वरीस."

"मंग परत कागद भर मन्हा. तो एकला शे तठे. घर जास ते कोनी नही, भाकर देवाले कोनी नही. कार्ड कवय येई, काय माहीत."

बोटं उमटणार नाहीत, पुन्हा नकार येईल, आता तर तिकडे जायचं कारणही राहिलं नाही, असं सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. मी फक्त एवढंच म्हटलं, की बोलावणाऱ्या माणसाशी नातं काय, ते त्यात लिहावं लागतं. मागच्या वेळी बोलावणारी मुलगी होती.

"आते काय लिखू, माय? सासू?"

तिने देठ खुडलेली मिरची टोपलीत टाकली आणि दुसरी उचलली.

"माय लिख," ती म्हणाली.